नियम पाठ असूनही कार्बनी संयुगांची नावे का चुकतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: दहावी मराठी माध्यमातून झाली, आता अकरावी विज्ञानाला आहात, आययूपॅक (रसायनशास्त्राची आंतरराष्ट्रीय संस्था) नामपद्धतीचे नियम पाठ आहेत, तरीही रचना समोर आली की नाव चुकते. त्यातच शिकवणीच्या वहीत ‘२-ब्युटेनॉल’ आणि पुस्तकात ‘ब्युटेन-२-ऑल’ दिसते. आणि दुहेरी बंध असलेली आखूड साखळी घ्यावी की दुहेरी बंध वगळून जाणारी लांब साखळी घ्यावी, याची दोन ठिकाणी दोन उत्तरे मिळतात. मी पुण्यात पदवीच्या वर्गांना कार्बनी रसायनशास्त्र शिकवते आणि त्याआधी काही वर्षे कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत गुणवत्ता नियंत्रणाचे काम केले आहे. उत्तरपत्रिकांत दिसणाऱ्या चुका पाहता माझे मत असे झाले आहे की विद्यार्थ्यांना नियम येतात, परंतु कोणता नियम आधी लावायचा हे पक्के नसते. नाव देणे म्हणजे ठरलेल्या क्रमाने घेतलेले चार-पाच निर्णय असतात, आणि पुढचा निर्णय मागच्याच्या आधी घेतला की बाकी सारे नियम बरोबर लावूनही उत्तर चुकते.

हा क्रम असा: प्रथम मुख्य क्रियात्मक गट, म्हणजे रेणूचे रासायनिक वागणे ठरवणारा अणूंचा गट, ठरवायचा, मग त्याला धरून मूळ साखळी निवडायची, मग साखळीला क्रमांक द्यायचे, मग शाखांची नावे वर्णानुक्रमे लावायची आणि शेवटी नाव जोडून लिहायचे. बहुतेक विद्यार्थी रचना दिसताक्षणी डावीकडून कार्बन मोजू लागतात, म्हणजे तिसऱ्या पायरीपासून सुरुवात करतात.

मुख्य क्रियात्मक गट ठरवताना ज्येष्ठतेचा क्रम पाठ असावाच लागतो, त्याला पळवाट नाही. अकरावीपुरता तो असा धरावा: कार्बॉक्झिलिक आम्ल सर्वांत वर, त्याखाली अनुक्रमे एस्टर, आम्ल हॅलाइड, अमाइड, नायट्राइल, अल्डिहाइड, कीटोन, अल्कोहोल आणि अमाइन. रेणूत यांपैकी कितीही गट असले तरी नावाच्या शेवटी प्रत्यय म्हणून एकाच प्रकारचा गट येतो, तो म्हणजे सर्वांत ज्येष्ठ. बाकीचे सारे उपसर्ग होऊन पुढे जातात आणि तिथे त्यांची नावेही बदलतात. अल्कोहोलचा ‘ऑल’ उपसर्गात ‘हायड्रॉक्सी’ होतो, कीटोनचा ‘ओन’ हा ‘ऑक्सो’ होतो, अमाइनचा ‘अमिनो’ होतो. दह्यातल्या लॅक्टिक आम्लाच्या रेणूत एक आम्ल गट आणि एक हायड्रॉक्सिल गट आहे. आम्ल ज्येष्ठ, म्हणून नाव २-हायड्रॉक्सीप्रोपॅनॉइक आम्ल. चिंचेतल्या टार्टारिक आम्लात असे दोन आम्ल गट आणि दोन हायड्रॉक्सिल गट आहेत, म्हणून ते २,३-डायहायड्रॉक्सीब्युटेनडायॉइक आम्ल. मधुमेह बळावल्यावर रक्तात वाढणारे ॲसिटोॲसिटिक आम्ल हे ३-ऑक्सोब्युटॅनॉइक आम्ल ठरते, कारण कीटोनला आम्लापुढे माघार घ्यावी लागते. या यादीत क्लोरो, ब्रोमो, नायट्रो आणि मिथॉक्सीसारखे गट मुळीच नाहीत, कारण ते कायम उपसर्गच राहतात आणि मुख्य गट कधीच होत नाहीत.

ज्येष्ठ गट ठरला की मगच साखळी. मुख्य गट ज्या कार्बनवर आहे, किंवा ज्या कार्बनचा स्वतःचा तो गट आहे, तो कार्बन साखळीत असलाच पाहिजे; ही अट पाळून मग लांबी पाहायची. परीक्षकांना इथेच फसवायला आवडते, कारण कागदावर सरळ आडवी दिसणारी साखळी सर्वांत लांब असेलच असे नसते. पाच कार्बनची आडवी साखळी काढून तिच्या दुसऱ्या कार्बनवर खाली इथिल गट लोंबता ठेवला, तर निम्मा वर्ग ‘२-इथिलपेन्टेन’ लिहितो. प्रत्यक्षात त्या इथिलच्या टोकापासून मोजत गेले तर सहा कार्बनची साखळी सापडते आणि उरते ते केवळ तिसऱ्या कार्बनवरचे मिथिल. म्हणून संयुग ३-मिथिलहेक्झेन. यातून एक खूण लक्षात ठेवता येते: खुल्या साखळीच्या अल्केनच्या (केवळ एकेरी बंध असलेल्या हायड्रोकार्बनच्या) नावात पहिल्या कार्बनवर मिथिल, दुसऱ्यावर इथिल किंवा तिसऱ्यावर प्रोपिल आले, तर साखळी चुकलेली आहे असे खुशाल समजावे.

पण ही खूण अल्केनपुरतीच आहे, हे विसरू नये. २-इथिलहेक्झेन-१-ऑल हे नाव पूर्णपणे बरोबर आहे. प्लास्टिकला लवचिकपणा आणणाऱ्या रसायनांसाठी हे अल्कोहोल जगभर मोठ्या प्रमाणावर तयार होते. इथिलच्या बाजूने मोजले तर या रेणूतही सात कार्बनची साखळी मिळते, परंतु ती हायड्रॉक्सिल गटाच्या कार्बनला बाहेर ठेवते, म्हणून ती बाद ठरते आणि सहा कार्बनचीच साखळी घ्यावी लागते. ‘२-इथिल चूकच असते’ एवढेच पाठ केलेला विद्यार्थी इथे हमखास अडखळतो. ज्याने क्रम समजून घेतला आहे, तो अडखळत नाही.

क्रमांक देताना सर्वांत कमी क्रमांकाचा पहिला हक्क मुख्य गटाचा, त्यानंतर दुहेरी-तिहेरी बंधांचा आणि त्यानंतर सर्व शाखांचा एकत्रितपणे. पाच कार्बनच्या साखळीत एका टोकाला दुहेरी बंध आणि दुसऱ्या टोकाकडून दुसऱ्या कार्बनवर हायड्रॉक्सिल असेल तर ते पेन्ट-४-ईन-२-ऑल होते. दुहेरी बंधाला १ देण्याच्या मोहापायी लिहिलेले ‘पेन्ट-१-ईन-४-ऑल’ चूक आहे. शाखांमध्ये मात्र आपापसात कुणीही ज्येष्ठ नाही. क्लोरीनचा अणू दिसला की त्याला लहान क्रमांक द्यावासा वाटतो, पण नामपद्धतीच्या दृष्टीने क्लोरो आणि मिथिल एकाच पंक्तीचे आहेत. म्हणूनच ४-क्लोरो-२-मिथिलहेक्झेन हे नाव योग्य आहे: उलट दिशेने मोजले तर क्रमांक ३ आणि ५ येतात, या दिशेने २ आणि ४ येतात, आणि क्लोरोला मोठा क्रमांक मिळाला म्हणून काही बिघडत नाही.

‘सर्वांत कमी क्रमांक’ या शब्दप्रयोगाचा अर्थ बेरीज असा घेतला जातो, तो चुकीचा आहे आणि तो काही मार्गदर्शिकांतूनही पसरलेला आहे. दोन्ही दिशांनी मिळणारे क्रमांक चढत्या क्रमाने लिहायचे आणि जिथे पहिला फरक पडतो, तिथे ज्याचा अंक लहान तो क्रमांकांचा संच घ्यायचा. दहा कार्बनच्या साखळीवर तीन मिथिल गट असे आहेत की एका बाजूने २, ७, ८ मिळतात आणि दुसऱ्या बाजूने ३, ४, ९. पहिल्याची बेरीज १७ आणि दुसऱ्याची १६. तरीही उत्तर २,७,८-ट्रायमिथिलडेकेन, कारण पहिल्याच जागी २ हा ३ पेक्षा लहान आहे. आणखी एक ओळखीचे उदाहरण पेट्रोलचे. ऑक्टेन क्रमांकाच्या मोजपट्टीवर ज्याला १०० मानतात ते ‘आयसो-ऑक्टेन’ म्हणजे पाच कार्बनची साखळी आणि तीन मिथिल. एका दिशेने क्रमांक २, २, ४ येतात, दुसऱ्या दिशेने २, ४, ४. पहिल्या जागी बरोबरी, दुसऱ्या जागी २ हा ४ पेक्षा लहान, म्हणून २,२,४-ट्रायमिथिलपेन्टेन. त्या जुन्या नावातला ‘आयसो’ रूढ अर्थानेही बरोबर नाही, कारण ‘आयसो’ म्हणजे साखळीच्या टोकाशी एकच मिथिल शाखा. पण उद्योगात ते नाव इतके रुजले आहे की ते आता जाणार नाही.

वर्णानुक्रमाचा नियम मराठी माध्यमातून आलेल्यांना वेगळाच त्रास देतो. हा क्रम रोमन लिपीतल्या स्पेलिंगचा आहे, देवनागरीचा नाही. देवनागरीत ‘क’ हा ‘ब’च्या आधी येतो, म्हणून क्लोरो आधी लिहावेसे वाटते, पण ब्रोमोचे आद्याक्षर बी आणि क्लोरोचे सी, म्हणून ब्रोमो आधी. तसेच आयोडो देवनागरीत सर्वांत पुढे वाटले तरी त्याचे आद्याक्षर आय आहे, त्यामुळे ते फ्लुओरोच्याही नंतर येते. इथिल ईपासून आणि मिथिल एमपासून. डाय, ट्राय, टेट्रा हे संख्यादर्शक शब्द या क्रमात मोजत नाहीत, म्हणजे डायमिथिल आणि इथिल यांत इथिलच आधी येते. ‘टर्ट’ आणि ‘सेक’ हेही मोजत नाहीत, परंतु ‘आयसो’ मोजतात: टर्ट-ब्युटिल बीखाली जाते आणि आयसोप्रोपिल आयखाली. हा भेद तर्काने सापडणारा नाही, तो लक्षात ठेवावा. दोन्ही दिशांनी क्रमांक सारखेच येत असतील तर वर्णानुक्रमे आधी येणाऱ्या गटाला लहान क्रमांक मिळतो. १-ब्रोमो-३-क्लोरोप्रोपेन आणि ३-इथिल-४-मिथिलहेक्झेन ही नावे अशीच ठरतात.

आता ‘२-ब्युटेनॉल’ आणि ‘ब्युटेन-२-ऑल’ यांविषयी. दोन्ही नावे एकाच संयुगाची आहेत आणि फरक आहे तो काळाचा. पद्धतशीर नामकरणाची सुरुवात १८९२ च्या जिनिव्हा परिषदेत झाली, आययूपॅक ही संस्था १९१९ मध्ये स्थापन झाली, आणि तिच्या कार्बनी नामपद्धतीच्या शिफारशी वेळोवेळी सुधारत गेल्या. त्यांतील १९७९, १९९३ आणि २०१३ या तीन टप्प्यांशी तुमच्या प्रश्नांचा संबंध आहे. १९७९ च्या पद्धतीत क्रमांक नावाच्या सुरुवातीला लिहीत. १९९३ पासून शिफारस अशी की क्रमांक ज्या प्रत्ययाचा आहे त्याच्या लगेच आधी तो लिहावा. साध्या रेणूंत याने काही अडत नाही. पण वर आलेले पेन्ट-४-ईन-२-ऑल जुन्या पद्धतीने ‘४-पेन्टेन-२-ऑल’ असे लिहिले, तर देवनागरीत त्यातला ‘ईन’ पूर्ण लपतो, कारण अल्केनचा ‘एन’ आणि अल्कीनचा ‘ईन’ घाईत एकसारखे लिहिले जातात. बाटल्यांच्या लेबलांवर आणि जुन्या हस्तपुस्तिकांत तुम्हाला जुनी पद्धत पुढेही दिसत राहील; ती ओळखता यावी, उत्तरपत्रिकेत मात्र नवी लिहावी. रोमन लिपीत लिहिताना एक बारकावा सांभाळावा: प्रत्यय स्वराने सुरू होत असेल तर अल्केनच्या नावातला शेवटचा ई गळतो, व्यंजनाने सुरू होत असेल तर राहतो. त्यामुळे ब्युटेन-२-ऑलमध्ये तो गळतो आणि ब्युटेन-२,३-डायॉलमध्ये राहतो. देवनागरीत हा फरक दिसतच नाही, आणि इंग्रजीतून उत्तरे लिहू लागलेले विद्यार्थी इथे अर्धा गुण घालवतात.

क्रमांकाला इतके महत्त्व का, हे या ब्युटेनॉलांवरूनच कळते. चार कार्बनची चार अल्कोहोले आहेत आणि त्यांचे रेणुसूत्र एकच आहे. ब्युटेन-१-ऑल सुमारे ११८ अंश सेल्सिअसला उकळते, २-मिथिलप्रोपेन-१-ऑल १०८ च्या आसपास, ब्युटेन-२-ऑल ९९ ते १०० अंशांना आणि २-मिथिलप्रोपेन-२-ऑल ८२ अंशांना. हे शेवटचे, ज्याला प्रयोगशाळेत सगळे टर्ट-ब्युटेनॉल म्हणतात, सुमारे २५ अंशांना वितळते; त्यामुळे पुण्यात उन्हाळ्यात ते बाटलीत द्रव असते आणि डिसेंबरात सकाळी घट्ट गोठलेले सापडते. नवीन विद्यार्थी मग बाटली बिघडली म्हणून तक्रार घेऊन येतात. ती कोमट पाण्यात उभी करून ठेवली की काम होते.

तुमचा तिसरा प्रश्न खरोखर चांगला आहे, कारण तुम्हाला मिळालेली दोन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत. जुन्या नियमांनुसार साखळी निवडताना दुहेरी किंवा तिहेरी बंध तिच्यात असणे ही अट आधी आणि लांबी नंतर. २०१३ च्या शिफारशींनी हा क्रम उलटवला: मुख्य गटाची अट पूर्ण झाल्यावर आधी लांबी पाहायची आणि लांबी समान असेल तरच बंधांचा विचार करायचा. पाच कार्बनच्या साखळीत पहिल्या आणि दुसऱ्या कार्बनमध्ये दुहेरी बंध आहे आणि दुसऱ्यावर इथिल आहे असे समजा. जुन्या नियमाने हे २-इथिलपेन्ट-१-ईन. नव्या नियमाने सहा कार्बनची साखळी घ्यायची आणि दुहेरी बंधाने जोडलेला एकटा कार्बन शाखा धरायचा, म्हणजे ३-मिथिलिडीनहेक्झेन. बोर्डाची आणि प्रवेश परीक्षांची तयारी करताना तुमच्या पाठ्यपुस्तकातील पद्धत, म्हणजे दुहेरी बंध साखळीत घेण्याची पद्धत, न बदलता पाळा. पुढे संशोधनाच्या वाटेला गेलात तर दुसरी शिकायला वेळ लागणार नाही. वलय आणि साखळी एकत्र आल्यावरही असाच बदल झाला आहे: पूर्वी ज्यात कार्बन जास्त तो भाग मूळ धरत, आता वलयाला नेहमीच ज्येष्ठ मानतात.

याच संदर्भात एक गंमत सांगण्यासारखी आहे. व्हिनेगरमधल्या आम्लाला ‘ॲसिटिक आम्ल’ म्हटले की विद्यार्थी तत्परतेने दुरुस्त करतात, ‘इथॅनॉइक आम्ल म्हणा’. २०१३ च्या शिफारशींत मात्र पसंतीचे नाव म्हणून ॲसिटिक आम्लच ठेवले आहे. फॉर्मिक आम्ल, ॲसिटिलीन, टोल्युइन, फिनॉल, ॲनिलीन यांचेही तसेच. उलट ॲसिटोनसाठी पसंतीचे नाव प्रोपेन-२-ओन आहे. म्हणजे रूढ नाव अशुद्ध आणि पद्धतशीर नाव शुद्ध, ही वर्गात पसरलेली समजूत टिकणारी नाही. परीक्षेत प्रश्न ‘आययूपॅक नाव लिहा’ असा असेल तर अर्थातच इथॅनॉइक आम्ल लिहावे.

कार्बन मोजण्यातली एक चूक फार नेमाने होते. आम्ल, अल्डिहाइड आणि नायट्राइल या गटांतला कार्बन साखळीचाच असतो आणि त्याचा क्रमांक १ असतो. ॲसिटोनायट्राइलमध्ये मिथिलचा एक आणि नायट्राइलचा एक असे दोन कार्बन आहेत, म्हणून ते इथेननायट्राइल. ‘मिथिल’ या शब्दाकडे पाहून मिथेनशी जोडणारे चुकतात. हाच गट वलयाला चिकटला की हिशेब बदलतो. सहा कार्बनच्या वलयावर आम्ल गट असेल तर त्याचा कार्बन वलयात मोजता येत नाही, म्हणून नाव सायक्लोहेक्झेनकार्बॉक्झिलिक आम्ल. आणि खुल्या साखळीवर असे तीन गट आले तरी हीच युक्ती लागते: लिंबातले सायट्रिक आम्ल म्हणजे २-हायड्रॉक्सीप्रोपेन-१,२,३-ट्रायकार्बॉक्झिलिक आम्ल. तीन आम्ल गट एका साखळीच्या दोन टोकांत बसूच शकत नाहीत, म्हणून तिन्ही गट साखळीबाहेर काढून सर्वांना सारखे वागवायचे.

एस्टरचे नाव दोन शब्दांचे असते आणि त्याची सारी गोम एका ऑक्सिजनमध्ये आहे. एकेरी बंधाच्या ऑक्सिजनला चिकटलेला अल्किल गट आधी लिहायचा, आणि कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंध असलेल्या बाजूचे कार्बन मोजून ‘ओएट’ नंतर. रचना उजवीकडून लिहिली आहे की डावीकडून याचा काही संबंध नाही. मिथिल प्रोपॅनोएट आणि इथिल इथॅनोएट या दोघांचे रेणुसूत्र एक आहे आणि विद्यार्थी त्यांची सर्रास अदलाबदल करतात. केळ्याच्या वासाच्या इसेन्समध्ये असते ते ३-मिथिलब्युटिल इथॅनोएट. वेदनाशामक बाममधला ओळखीचा उग्र वास मिथिल २-हायड्रॉक्सीबेन्झोएटचा. ही दोन नावे स्वतः रचना काढून तपासून पाहा.

पद्धतशीर नाव कारखान्यात कोण वापरते, असे मला अनेकदा विचारले जाते. तोंडी कुणीच वापरत नाही, हे खरे आहे. गोदामात ‘आयपीए’ मागतात, ‘एमईके’ मागतात, आणि सगळ्यांना कळते की पहिले प्रोपेन-२-ऑल आणि दुसरे ब्युटेन-२-ओन. पण पॉलिएस्टर आणि रेझिनच्या कारखान्यांत ‘आयपीए’ म्हणजे आयसोथॅलिक आम्लही असते. ‘ईडीसी’ म्हणजे द्रावक म्हणून वापरले जाणारे १,२-डायक्लोरोइथेन. पण पेप्टाइड जोडणीचे काम करणाऱ्यांकडे तीच आद्याक्षरे एका कार्बोडायइमाइडची आहेत. आणि १,२-डायक्लोरोइथेन ८३ अंशांना, तर १,१-डायक्लोरोइथेन ५७ अंशांना उकळते. मागणीपत्रावर एक अंक बदलला की दुसराच द्रव दारात येतो. म्हणून मागणीपत्रावर आणि लेबलावर पूर्ण नाव व सोबत सीएएस क्रमांक, म्हणजे प्रत्येक रसायनाचा स्वतंत्र नोंदणी क्रमांक, लिहिण्याची शिस्त पाळतात. प्रोपेन-२-ऑलचा ६७-६३-० आणि ॲसिटोनचा ६७-६४-१, म्हणजे हे क्रमांकही नजरचुकीला वाव देणारेच आहेत. नाव वाचून रचना डोळ्यांपुढे आणता येणारा माणूस अशा वेळी लागतोच.

सराव कसा करावा, याविषयी माझा आग्रह एकच आहे: रचनेवरून नाव दिले की वही झाका आणि केवळ नावावरून रचना पुन्हा काढा. ती पहिल्या रचनेशी जुळली नाही तर नाव चूक. जुळली, तरी ते नाव नियमाप्रमाणे आहेच असे मात्र नाही, कारण ‘२-इथिलपेन्टेन’वरूनही रचना बरोबरच निघते, म्हणून त्यानंतर साखळी आणि क्रमांक यांकडे पुन्हा एकदा पाहावे. सुरुवातीला चार कार्बन, दहा हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन एवढ्यावर थांबा. त्यातून वर आलेली चार अल्कोहोले निघतील आणि तीन ईथर निघतील: १-मिथॉक्सीप्रोपेन, २-मिथॉक्सीप्रोपेन आणि इथॉक्सीइथेन. ही सात नावे न पाहता लिहिता आली की पाच कार्बनकडे वळा, तिथे अल्कोहोलेच आठ आहेत. घाईने दहा कार्बनपर्यंत जाऊ नका. नुसत्या डेकेनचेच ७५ संरचना समघटक, म्हणजे एकाच रेणुसूत्राच्या वेगवेगळ्या रचना, आहेत. आणि ब्युटेन-२-ऑलच्या दुसऱ्या कार्बनला चार वेगवेगळे गट जोडलेले आहेत, हे रचना काढताना लक्षात आले, तर समजा की अशा कार्बनभोवतीच्या गटांची अवकाशातली मांडणी सांगणाऱ्या आर आणि एस या चिन्हांचा धडा वाचायची वेळ झाली आहे.